गणपती मंडळाचं काम ऑनलाइन कसं लावायचं: ग्रुप, शीट, वर्गणी, फ्लेक्स सगळं

जुलै उजाडला की मंडळाच्या ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना माहितीये. सकाळी सुविचार, त्याच्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, मग मंडपवाल्याचं कोटेशन, त्यावर वीस-पंचवीस हात जोडलेले, आणि रात्री साडेअकराला कुणीतरी विचारतं "अरे मंडपाचं फायनल झालं का?" तोवर कोटेशन कुठच्या कुठे वर गेलेलं असतं, मग ते परत फॉरवर्ड होतं, त्यावर परत तीच चर्चा. कार्यकर्ते काही आळशी नसतात हो, बिचारे नोकरी सांभाळून राबतात. चॅट बनलंय तसं, जे शेवटी आलं तेच दिसतं आणि बाकी सगळं वर सरकत जातं. सोसायटी असो, गल्लीतलं मंडळ असो की परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, हे सगळीकडे सेम आहे.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: बोलायची जागा वेगळी आणि ठरलेलं लिहून ठेवायची जागा वेगळी. ग्रुपवर हवं तेवढं बोला, पण तारीख, पैसे, नाव आणि जबाबदारी या चार गोष्टी ग्रुपवर ठेवायच्या नाहीत, त्या गुगल शीटमध्ये, म्हणजे सगळ्यांना ऑनलाइन बघता येणाऱ्या तक्त्यात, जायला पाहिजेत. हे एक पाळलं तरी अर्धी भांडणं कमी होतात. आता एकेक करून सांगते, सगळं फुकटातलं आहे आणि फोनवर जमण्यासारखं आहे, एखाद-दोन गोष्टींना तेवढा कॉम्प्युटर लागेल.

ग्रुपची मांडणी

एकच मोठा ग्रुप ठेवू नका. व्हॉट्सअॅपने २०२२ मध्ये एका ग्रुपमध्ये १०२४ जणांपर्यंत सोय केली, त्यामुळे सगळी सोसायटी एकात कोंबायचा मोह होतो, पण एवढ्या लोकांसमोर कुणी धड बोलत नाही, बोलतात तेच सात-आठ जण. त्याच वर्षी कम्युनिटी आली, म्हणजे अनेक ग्रुप एकाखाली जोडायची सोय, ती मंडळासाठी एकदम बरोबर आहे. एक कम्युनिटी करा, तिच्यात घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो, तिथे फक्त अॅडमिन लिहू शकतात. सगळे रहिवासी, वर्गणीदार तिथे. खाली मग छोटे ग्रुप: कमिटी, डेकोरेशन, महाप्रसाद, सांस्कृतिक कार्यक्रम, मिरवणूक. ज्याचं काम तो त्या ग्रुपमध्ये, बाकीच्यांना त्रास नाही.

कम्युनिटीचा अजून एक फायदा लोक लक्षात घेत नाहीत. घोषणांच्या ग्रुपमध्ये साध्या मेंबरचा नंबर इतर मेंबरना दिसत नाही, अॅडमिनला दिसतो. साध्या ग्रुपमध्ये मात्र प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि मग कॉलेजातल्या मुलींना, नवीन राहायला आलेल्या बायकांना नको ते मेसेज यायला लागतात, त्या काही न बोलता ग्रुप सोडून जातात आणि लोक म्हणतात की आजकाल कुणाला उत्सवात इंटरेस्टच नाही. नंबर जपणं ही मंडळाची जबाबदारी आहे असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

अॅडमिन किमान तीन ठेवा, त्यात एक तरी बाई असू द्या आणि एक तरी तरुण पोरगा-पोरगी. अॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, नवीन माणूस यायच्या आधी मंजुरी द्यायची सेटिंग पण आहे, ती चालू करा, कारण ग्रुपची लिंक कुठे कुठे फिरते ते कळत नाही.

मेसेज कसा लिहायचा

घोषणा म्हणजे निबंध नाही. पहिल्या ओळीत काय आणि कधी, दुसऱ्या ओळीत कुठे, तिसऱ्या ओळीत कुणाला फोन करायचा. बस. फुलांची, दिव्यांची, नमस्काराची रांग शेवटी टाका, कारण नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि त्या जर नुसत्या फुलांनी भरल्या तर मीटिंगची वेळ कुणी वाचतच नाही.

महत्त्वाचा मेसेज पिन करा. तीन मेसेज पिन करता येतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. माझ्या मते त्यातली एक जागा कायम शीटच्या लिंकसाठी राखून ठेवायची, ३० दिवस झाले की परत पिन.

पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो. शुद्धलेखनाची चूक असेल तर करा, पण वेळ किंवा रक्कम चुकली असेल तर एडिट करू नका! ज्याने आधीच वाचलंय त्याला बदल झाल्याचं नोटिफिकेशन जात नाही, तो आपला जुन्या वेळेलाच येऊन उभा राहतो. अशा वेळी नवीन मेसेज टाकायचा, "वेळ बदलली आहे, ७ ऐवजी ८" असं स्पष्ट लिहून.

व्हॉइस नोटबद्दल थोडं. वयस्कर मंडळींना टाइप करणं जड जातं, ते बोलून पाठवतात, पाठवू द्या, त्यांना अडवू नका, जुनी माहिती त्यांच्याकडेच असते, मांडवाला आधी कुठला खड्डा वापरायचो, कुठल्या वळणावर ट्रॉली अडकते वगैरे. फक्त एक सवय लावा की व्हॉइस नोटमध्ये तारीख किंवा पैशाचा आकडा असेल तर जो आधी ऐकेल त्याने खाली रिप्लाय करून टाइप करायचं. व्हॉइस नोट सर्च करून सापडत नाही, टाइप केलेलं सापडतं.

ठरवायचं कसं

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून इथे जरा वेळ देते.

ग्रुपवर कुणी विचारलं की "यंदा डीजे नको, ढोल-ताशा पथक सांगूया का" आणि त्यावर दहा अंगठे आले तर तो निर्णय झाला असं धरू नका. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" पण असतो, "बरोबर" पण असतो आणि "बरं बाबा, कर काय करायचं ते" असाही असतो. आणि जे गप्प बसले त्यांची संमती आहे असं तर अजिबात धरू नका. चॅटवर जो पटापट टाइप करतो आणि रात्री उशिरापर्यंत जागा असतो त्याचंच चालतं. दिवसभर दुकान सांभाळणारा, शिफ्टला गेलेला, घरचं सगळं आवरून साडेदहाला फोन हातात घेणारी बाई, यांना संधी मिळेपर्यंत विषय संपलेला असतो. माणसं तीच असतात हो, समोरासमोरच्या मीटिंगमध्ये हीच मंडळी नीट मत मांडतात.

म्हणून साधा नियम: कुठलाही खर्चाचा किंवा वादाचा निर्णय २४ तासांच्या आत बंद करायचा नाही आणि रात्री दहानंतर घ्यायचा नाही.

पोल वापरा. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, एकच उत्तर हवं असेल तर अनेक उत्तरांची सेटिंग बंद करा. मूर्तीची उंची, कार्यक्रमाचा वार, महाप्रसादाचा मेनू अशा गोष्टींना हे बेस्ट. पण दोन गोष्टी समजून घ्या. एक म्हणजे नेहमीच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. दुसरं म्हणजे दिलेलं मत नंतर बदलता येतं. त्यामुळे पोल टाकतानाच "उद्या रात्री ९ वाजता बंद" असं लिहायचं आणि ९ ला स्क्रीनशॉट काढून तोच अंतिम धरायचा.

नाव दिसतं म्हणजे काय होतं, तर अध्यक्षांच्या पुतण्याचं डेकोरेशनचं कोटेशन असेल तर त्याच्या विरोधात मत कोण देणार? कुणीच नाही. अशा ठिकाणी पोल नको, गुगल फॉर्म करा. फॉर्ममध्ये नाव विचारू नका, ईमेल गोळा करायची सेटिंग बंद ठेवा, लिंक फक्त कमिटीच्या ग्रुपवर टाका. फॉर्मची उत्तरं थेट शीटमध्ये पडतात, तुम्हाला मोजत बसायला नको. एका माणसाने दोनदा भरू नये म्हणून "एकच प्रतिसाद" ची सेटिंग आहे, पण त्याला गुगल अकाउंटने लॉगिन करावं लागतं, काही काका-काकूंना ते जमत नाही, म्हणून छोट्या कमिटीत मी ती बंदच ठेवेन, मेंबर किती आणि उत्तरं किती एवढं जुळवून बघितलं की झालं.

निर्णय झाला की एक ओळ शीटमध्ये: तारीख, काय ठरलं, किती विरुद्ध किती, कुणी करायचं.

शीट

गुगल शीट, एकच फाइल, खाली टॅब वेगवेगळे: कामं, खर्च, वर्गणी, निर्णय, फोन नंबर. कामांच्या टॅबमध्ये एवढेच कॉलम ठेवा: काम काय, कुणाकडे, कधीपर्यंत, झालं का, शेरा. "कुणाकडे" मध्ये एकच नाव. "सगळे मिळून" असं लिहिलं की ते काम होत नाही, हा अनुभव प्रत्येक मंडळाला आहे. मदतीला चार जण असू देत पण विचारायचं कुणाला ते एक नाव पाहिजे.

शेअरिंग नीट करा, हे फार महत्त्वाचं आहे. "लिंक असलेला कोणीही" ला फक्त बघायची परवानगी द्यायची. एडिटची परवानगी ईमेल टाकून त्या त्या माणसालाच. एडिटची लिंक ग्रुपवर टाकली आणि ती कुणी पुढे पाठवली तर अनोळखी माणूस पण आकडे बदलू शकतो. खर्चाच्या टॅबला संरक्षित रेंज लावा, म्हणजे खजिनदार आणि सेक्रेटरी सोडून कुणाला हात लावता येणार नाही. वर्गणी आणि फोन नंबरचे टॅब सगळ्यांना दिसायला नकोत तर ती फाइलच वेगळी करा, कारण बघायची परवानगी पूर्ण फाइलला लागते, टॅब लपवला म्हणून तो सुरक्षित होत नाही.

आणि चुकून काही पुसलं गेलं तर घाबरायचं नाही, कुणावर आरडाओरडा पण नाही. कॉम्प्युटरवर फाइल उघडून व्हर्जन हिस्टरी बघा, कुणी कधी काय बदललं ते दिसतं आणि जुनी कॉपी परत आणता येते. एखाद्या सेलवर राइट क्लिक करून त्या एका सेलचा इतिहास पण बघता येतो. हिशेबावरून जिथे वर्षानुवर्षं धुसफूस चाललेली असते तिथे याने खूप फरक पडतो.

वर्गणी आणि यूपीआय

यूपीआय २०१६ ला आलं आणि वर्गणीची पद्धतच बदलली. आता कुणी रोख काढत नाही, पावतीबुक घेऊन दारात गेलं तर "क्यूआर द्या" म्हणतात. तर क्यूआर मंडळाच्या बँक खात्याचाच पाहिजे. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत, माणूस कितीही सज्जन असला तरी नाही, कारण उद्या हिशेबात शंभर रुपये इकडेतिकडे झाले तर त्या सज्जन माणसाचंच नाव खराब होतं. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, ते काम शीटमध्ये सगळ्यात वर लिहा.

स्क्रीनशॉट म्हणजे पावती नाही. बनावट स्क्रीनशॉट करणं अगदी सोपं आहे. खात्यात जमा झालं का ते बघूनच पावती नंबर द्यायचा. आणि पोरांना हे परत परत सांगा की पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो. "मोठी देणगी पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला की फोन ठेवायचा. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता माझं एक कळकळीचं म्हणणं. ग्रुपवर वर्गणीची यादी नाव, फ्लॅट नंबर आणि रकमेसकट टाकू नका. ज्याची नोकरी गेलीये, ज्याच्या घरी आजारपण आहे त्याने १०१ दिले तर ते सगळ्या बिल्डिंगने बघायचं काय कारण? पूर्वी पावतीबुकात ते कार्यकर्त्याला आणि खजिनदाराला दिसायचं, आता एका फॉरवर्डमध्ये पाचशे जणांना दिसतं. पारदर्शकता पाहिजेच, पण त्यासाठी एकूण जमा, एकूण खर्च आणि पावती नंबरनुसार रकमा टाका, नावाशिवाय. ज्याला आपली रक्कम तपासायची तो आपला पावती नंबर बघेल.

फ्लेक्स, पत्रिका, स्मरणिका

व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, क्वालिटी कमी होते. त्याच फोटोचा दहा फुटी फ्लेक्स केला की चेहरे धुरकट येतात. फोटो, लोगो, डिझाइन कायम डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत चालते. नाहीतर गुगल ड्राइव्हवर फोल्डर करा.

स्मरणिकेचा मजकूर गुगल डॉकमध्ये घ्या. तपासणाऱ्यांना थेट बदलू देऊ नका, "सुचवा" मोड मध्ये ठेवा, म्हणजे कुणी काय सुचवलं ते रंगात दिसतं आणि संपादक एकेक मान्य करतो. ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहायला शिकवा, मंडळाच्या जुन्या आठवणी अशाच मिळतात.

सगळ्यात मोठी अडचण फॉन्टची. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, लिहिता आणि छपाईसाठी मजकूर लावणाऱ्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. एकातून दुसऱ्यात जाताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, नावांची वाट लागते. त्यामुळे प्रूफ डॉकमध्ये वाचून उपयोग नाही, डीटीपी झाल्यावर जी पीडीएफ येते ती वाचा, आणि देणगीदारांची नावं तर मोठ्याने वाचून दोघांनी तपासा. फायनल "ओके" एकानेच द्यायचा, प्रिंटरला चार जणांनी चार दुरुस्त्या पाठवल्या की तो शेवटची घेतो किंवा कुठलीच घेत नाही.

ऑनलाइन मीटिंग

फुकटातल्या झूमला ४० मिनिटं, गुगल मीटला तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात. पुरे आहेत. विषय आधी लिहून टाका, एक जण मीटिंग चालू असतानाच शीटमध्ये निर्णय लिहीत जाईल, स्क्रीन शेअर करून, म्हणजे सगळ्यांना समोर दिसतं काय लिहिलं जातंय आणि नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" होत नाही. मंडळातले जुने कार्यकर्ते दुबईला, लंडनला, न्यू जर्सीला असतात, त्यांना जोडायचं असेल तर वेळेपुढे "भारतीय वेळ" हे दोन शब्द लिहायचे.

अफवा आणि फॉरवर्ड

खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर डबल बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. तो बाण दिसला की थांबा. उत्सवात रस्ते बंद, बॉम्बची अफवा, मूल हरवल्याचे जुने फोटो असं फार फिरतं. कमिटीने ठरवावं की वाहतूक आणि सुरक्षेबद्दल फक्त पोलीस आणि महापालिकेच्या अधिकृत अकाउंटवरचंच घोषणांमध्ये जाईल. कुणा मेंबरने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून केवळ अॅडमिन आहे एवढ्यावरून अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, पण म्हणून बघत बसू नका, डिलीटचं बटण तुमच्याकडे आहे, लगेच वापरा. आणि लहान मुलांचे डान्सचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय मंडळाच्या इन्स्टावर टाकू नका.

मिरवणुकीचा दिवस

त्या दिवशी ऑनलाइनवर विसंबू नका. गर्दीत नेट मरतं, फोन गरम होतात, बॅटरी संपते. पंधरा-वीस महत्त्वाचे नंबर कागदावर छापून प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात द्या. ट्रॉलीबरोबरच्या एकाने लाइव्ह लोकेशन ८ तासांसाठी चालू करून मिरवणूक ग्रुपवर टाकावं, घरी बसलेल्या आजी-आजोबांना आणि पुढे पाण्याची सोय बघणाऱ्यांना बरं पडतं, नेट आहे तोवर. त्या दिवशी मिरवणूक ग्रुपवर फोटो नाहीत, फक्त काम. फोटोंना वेगळा ग्रुप.

विसर्जनानंतर

हे कुणीच करत नाही आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सुरुवातीलाच मंडळाच्या नावाने एक वेगळं गुगल अकाउंट काढा आणि सगळ्या फाइल त्याच्यात ठेवा, कुणाच्या वैयक्तिक अकाउंटमध्ये नाही, नाहीतर तो माणूस गाव बदलतो आणि हिशेब त्याच्याबरोबर जातो. १५ जीबी जागा फुकट असते, व्हिडिओ टाकले की लगेच भरते, म्हणून व्हिडिओ हार्ड डिस्कवर. दोन वर्षं कुणी लॉगिनच केलं नाही तर गुगल असं अकाउंट बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून उघडत राहा.

विसर्जनानंतर आठवड्याभरात कमिटीचं चॅट एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर टाका, शीटच्या नावात वर्ष घाला, तिची कॉपी करून पुढच्या वर्षाची रिकामी शीट तयार ठेवा, शेऱ्याच्या कॉलममध्ये कुठला मंडपवाला वेळेवर आला, जनरेटरला डिझेल किती लागलं, महाप्रसादाला भात किती उरला ते आत्ताच लिहा, पुढच्या जुलैत आठवणार नाही. नवीन सेक्रेटरी ठरला की त्याच्यासमोर बसून अकाउंटमध्ये लॉगिन करून दाखवा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी आणि रिकव्हरी नंबर त्याच्या फोनवर घ्या, त्याच्या फोनवर कोड येतोय याची खात्री करा आणि मगच जुन्या सेक्रेटरीचा नंबर काढा.